डावा डोया

आईच्या बोलण्यात ळ नाही. ती अकोल्याकडची. डोळ्याला डोया म्हणते, काळ्याला काया, आणि पुण्यात सगळा संसार करूनही तिने हा ळ काही घेतला नाही. पुण्यातली माणसं हसायची. भाजीवालीसुद्धा तिला 'केयी हवीत का' असं विचारायची, आणि आई शांतपणे 'व्हय, केयीच पायजे' म्हणून सगळ्यात मोठी फणी उचलायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचंय ते तिच्या त्या डोयावर येऊन थांबतं. आणि सुरू होतं ते दुसऱ्या एका शब्दापासून, जो आमच्या घरात त्या वर्षी बंद होता.

आम्ही धायरीत राहायचो. तेव्हा धायरी धड गावही राहिली नव्हती आणि शहरही झाली नव्हती. हौसाकाकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्यांच्या वर अर्धी गच्ची. हौसाकाकू म्हणजे घरमालकीण. खाली त्यांच्या कोंबड्या, बोअरचा धडधडणारा पंप, रस्त्यावर बस वळताना कंडक्टरने हाताने थोपटलेला पत्रा, आणि आमच्या स्वयंपाकघरात आईचा खलबत्ता. ती जवसाची चटणी मिक्सरमध्ये करू देत नसे. मिक्सर आमच्याकडे नव्हताच म्हणा, पण असता तरी करू दिली नसती. रविवारी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा असायचा. त्याचा वास जिन्यावरून खाली जायचा आणि काकू वाटी घेऊन वर यायच्या. बाकीचे सहा दिवस आई सिंहगड रोडवरच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची, आणि संध्याकाळी घरी आली की त्याच हातांनी गच्चीवरच्या झाडांची माती मोकळी करायची. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, एक मोडकं घमेलं, जे मिळेल त्यात तिने काही ना काही लावलेलं होतं. अबोली, गुलबक्षी, सदाफुली, निळी गोकर्ण, कोपऱ्यात ओवा. डब्यांना ती गेरू लावायची आणि त्यावर चुन्याचे ठिपके द्यायची. पाणी खालून कळशीने आणावं लागे. मी कुरकुर केली की म्हणायची, "घरात काही रंगाचं पायजे ना वं."

रंगाचं माणूस खरं तर घरात होतं. माझे बाबा फोटो रंगवायचे. स्वारगेटजवळच्या एका स्टुडिओत ते कामाला होते, आणि तिथे त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे आर्टिस्ट म्हणत. काळा-पांढरा फोटो मोठा करून त्यांच्याकडे यायचा. मग ते कापसाच्या बोळ्याने गालांवर रंग चढवायचे, साडी, काठ, पदर, मागचा पडदा. लोकांची मागणी असेल तर नसलेली नथ आणि नसलेला कोटही घालायचे. बहुतेक फोटो गेलेल्या माणसांचे असत. त्यांचे डोळे जुन्या फोटोत मातकट दिसायचे, म्हणून अगदी शेवटी, सगळं वाळल्यावर, बाबा दोन-तीन केसांचा ब्रश घ्यायचे, श्वास धरायचे आणि दोन्ही बुबुळांवर पांढऱ्या रंगाचं एकेक टिंब ठेवायचे. तेवढ्याने तो माणूस एकदम आपल्याकडे बघायला लागायचा. याला त्यांच्या धंद्यात जीव देणं म्हणत. मी लहानपणी स्टुडिओत जाऊन बसले की काउंटरवरून ओरडा ऐकू यायचा, "आर्टिस्ट, देशमुखांच्या आजींना जीव दिला का? माणूस न्यायला आलाय." आणि आतून बाबांचा आवाज, "एका डोळ्यात दिलाय, दुसरा राहिलाय, चहा पाजा तोवर." त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

मग देशाची दारं उघडली असं पेपरात यायला लागलं. आमच्याकडे त्या दारातून पहिल्यांदा काय आलं, तर मशीन. एका बाजूने रोल घातला की दुसऱ्या बाजूने रंगीत फोटो, आणि तेही तासाभरात. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांना समोर बसवून, त्यांच्या हातात हात घेऊन कामावरून कमी केलं. वर उपकार म्हणून मला काउंटरवर ठेवलं. मी बारावी झालेली, नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणजे ज्या मशीनने बाबांचं काम खाल्लं, त्या मशीनच्या तोंडाशी बसून मी लोकांची पाकिटं भरायची, आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांच्या समोर जेवायचं. बाबांनी मला त्याबद्दल एका शब्दाने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. दाढी वाढली. ताट समोर ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर नाही. पहिले काही आठवडे आम्हाला वाटलं, धक्का आहे, ओसरेल. ओसरला नाही. एकदा जेवताना, मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात ते म्हणाले, "मी नसलो तरी तुमचं नीट चालेल." आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग ती म्हणाली, "काऊन असं बोलून राह्यले तुमी? खा ती भाकर." त्यांनी खाल्ली. पण त्याच आठवड्यात हौसाकाकूंच्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, बाबांना कालव्याच्या काठावर बराच वेळ पाण्याकडे बघत उभं राहिलेलं पाहिलं, आणि हाताला धरून घरी आणलं. बाबा चपला काढून खाटेवर जाऊन बसले.

त्या दिवसापासून जीव हा शब्द आमच्या घरात बंद झाला. कोणी ठरवलं नव्हतं, पण झाला. पाहुणी आली आणि 'जिन्याने जीव दमला हो' म्हणाली, तर आई पाण्याचा तांब्या पुढे करून विषय बदलायची. झोपताना ती आपल्या पदराचं टोक बाबांच्या मनगटाला बांधायची. बाबा बांधू द्यायचे, जसं लहान मूल बटणं लावू देतं. ते मला सगळ्यात भयंकर वाटायचं, की ते विरोधही करत नाहीत. मी कामावर असताना, आई मेसमध्ये असताना, ते घरात एकटे असायचे. काकू मधूनमधून काहीतरी निमित्ताने हाक मारायच्या, आणि आम्ही दोघी जणी दिवसभर आपापल्या जागी त्या हाकेला उत्तर मिळालं असेल ना याचा विचार करत असायचो. मला तेव्हा बाबांची दया यायची त्याहून जास्त राग यायचा. इतकी माणसं कामावरून जातात, सगळी काय कालव्यावर जातात? हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही, पण मनात रोज विचारला.

स्टुडिओत एक काळा-पांढरा रोल पडून होता. पासपोर्ट फोटोपुरती मागची अंधारी खोली अजून चालू होती, पण हा रोल कोणी वापरेना. मालक म्हणाला घेऊन जा, आणि एक जुना कॅमेराही दोन दिवसांसाठी दिला. मी रविवारी सकाळी गच्चीवर आईच्या झाडांचे फोटो काढले. डबे काढले, चुन्याचे ठिपके काढले, गोकर्णीचा वेल काढला. एक फोटो आईचाही काढला, अबोलीच्या डब्यांमध्ये उकिडवी बसलेली, डोक्यावर पदर, हातात मग, आणि माझ्यावर डाफरताना, "माहा काऊन काढून राह्यली, फुलं काढ." रोल धुवायला आणि फोटो छापायला मला बाबांनीच शिकवलं होतं, ते मी स्टुडिओत मागच्या खोलीत केलं. मला वाटलं होतं, घरात निदान काहीतरी नवीन येईल.

आईने फोटो हातात घेतले आणि एकेक करून खाली ठेवले. "हे माही अबोली हाये? सगयं राखेवाणी." मी रोल काळा-पांढरा आहे वगैरे सांगत होते, तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी तो अबोलीचा फोटो उचलला, खिडकीच्या उजेडात तिरपा धरला आणि म्हणाले, "यात अबोली राखच दिसणार. पिवळं आणि गुलाबी दोन्ही एकसारखं येतं." कित्येक दिवसांत ते एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. मी आईकडे बघितलं. आईने काय करावं? ती माझ्याकडे तोंड करून, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग जाऊ दे. रंगवनारं कोनी राह्यलं नाही आता." बाबांनी फोटो खाली ठेवला आणि ते गच्चीवर निघून गेले. मी आईला म्हटलं, "हे बोलायची काही गरज होती?" ती चुलीशी जाऊन बसली. रस्सा ढवळता ढवळता ती रडत होती, आणि मधूनच पदराने नाक पुसून त्यात मीठ घालत होती.

दुसऱ्या दिवशी फोटो फळीवरून नाहीसे झाले. आईला वाटलं त्यांनी फाडून टाकले. मलाही तेच वाटलं. बाबा आणखी गप्प झाले, पण आता वेगळ्या तऱ्हेने. त्यांनी दाढी केली. आपली पेटी आवरली, जुने कागद काकूंच्या चुलीसाठी देऊन टाकले. खाटेखालच्या रंगाच्या बाटल्या पुसून ठेवल्या. एरवी कोणी म्हटलं असतं, सुधारले. पण काकूंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांचा दीर गेला तेव्हा त्यानेही आधी अशीच आवराआवर केली होती. आईने त्यानंतर पदराची गाठ दोनदा मारायला सुरुवात केली.

काकूंचा फोन स्टुडिओत आला तेव्हा दुपार होती आणि काउंटरवर गर्दी होती. त्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवरून बोलत होत्या. "पोरी, तुजं वडील गच्चीचं दार आतनं लावून बसल्यात. म्या च्याला हाक मारली तर म्हनलं, थांबा, आधी जीव देतो, मग येतो. आता हाक मारत्येय तर बोलंनात. तू ये बिगी बिगी. तुज्या आईलाबी निरोप धाडलाय." मी फोन ठेवला की तसाच सोडला ते मला आठवत नाही. समोरच्या बाईचं पाकीट माझ्या हातात होतं, ते बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं. कोणाच्या तरी बारशाचे फोटो होते.

स्वारगेटहून धायरीला बस किती वेळ घेते ते त्या रस्त्याने जाणाऱ्यांना विचारा. ती प्रत्येक थांब्यावर थांबली. मी दाराच्या दांडीला धरून उभी होते आणि कंडक्टर दोनदा म्हणाला, "आत सरका, ताई, पुढे काय सोनं वाटतायत?" माणूस अशा वेळी नवस बोलतो. आमच्याकडे फळीवर बुद्धाची लहान मूर्ती होती, पण बुद्धाला नवस चालत नाही. मला मागायलाही कोणी नव्हतं. मी फक्त 'बाबा, थांबा, बाबा, थांबा' एवढंच म्हणत राहिले, बहुतेक मोठ्याने, कारण एका म्हातारीने आपली जागा सोडून मला बसवलं. माझा राग कुठल्या कुठे गेला होता. मला फक्त ते हवे होते, भिंतीकडे तोंड करून बसलेले तर तसेच. आता या वयात मला हसू येतं, की जीव दिल्यावर चहाला कोण येतं, हे त्या दिवशी काकूंच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. शब्द ऐकला आणि आमची बुद्धी तिथेच संपली. काही महिने तो शब्द तोंडात न घेतल्याचा परिणाम, दुसरं काय.

मी जिना चढले तेव्हा काकूंचे मालक आणि समोरचे दोघे गच्चीच्या दाराला पहार लावत होते. आई माझ्याआधी पोहोचली होती. ती मेसमधून तशीच पळत आली होती, कोपरापर्यंत पीठ, आणि दोन्ही हात दारावर टेकवून उभी होती. त्या पहार लावणाऱ्यांसाठीही ती बाजूला होत नव्हती. शेवटी मी तिला ओढलं. कडी तुटली, दार आत कोसळलं, आणि आम्ही सगळे एकदमच गच्चीवर गेलो.

बाबा कठड्याच्या सावलीत, अबोलीच्या डब्यांमध्ये उलट्या बादलीवर बसले होते. मांडीवर पाट, पाटावर फोटो, डोळ्याला भिंग, दातांत एक ब्रश आणि हातात दुसरा. भोवती बाकीचे फोटो दगडांखाली दाबून वाळत ठेवलेले. गोकर्ण निळी होती. गुलबक्षी गुलबक्षी होती. त्यांनी दातांतला ब्रश काढला आणि म्हणाले, "दार का तोडलंत? मी कडी काढली असती. वाऱ्याने फोटो उडतात म्हणून लावली होती."

"तुमीच म्हनला ना जीव देतो म्हनून," काकू म्हणाल्या. "आन मग वीस हाका मारल्या तर बोलंना तुमी."

"देतच होतो. श्वास धरलाय तर बोलणार कसं? उजव्या डोळ्यात दिला, डावा राहिलाय," असं म्हणून बाबांनी पाट आमच्याकडे वळवला.

आईचा फोटो होता तो. अबोलीच्या फुलांना तोच अबोली रंग, पदर मोरपंखी, हातातला मग पिवळा. पदराच्या सावलीत गेलेला तिचा चेहरा त्यांनी बाहेर काढला होता. उजव्या डोळ्यात पांढरं टिंब होतं आणि त्या डोळ्याने आई माझ्यावर डाफरत होती. डावा डोळा मातकटच होता. कोणी हसलं नाही. पहार धरलेले काका ती पाठीमागे लपवायला लागले. बाबांनी आमची तोंडं बघितली, मग आईचे पिठाचे हात, मग ते तुटलेलं दार, आणि आम्ही कशासाठी धावत आलो ते त्यांना तेव्हा कळलं. काकूंनी सगळ्यांना खाली हाकललं. "चला आता, च्या निवला," एवढंच म्हणाल्या.

आम्ही तिघंच राहिलो. बाबा पाटाकडे बघत म्हणाले, "सकाळी गेलो होतो मी. कालव्यावर." आई हलली नाही. "तुम्ही दोघी गेल्यावर. चपला काढून ठेवल्या होत्या. मग आठवलं, हिच्या डोळ्यांचं राहिलंय. म्हटलं, तेवढं करून येऊ." त्यांनी ब्रशचं टोक बोटांनी सरळ केलं. "अर्धं काम टाकायची सवय नाही मला."

तेवढं करून येऊ. म्हणजे काकूंचं चुकलं नव्हतं. शब्दाचा अर्थ चुकला होता, भीती बरोबर होती. आणि तो डावा डोळा त्या दुपारी पुरा झाला असता तर पुढे काय, हे मी तेव्हा समजू शकले नाही. मी एकोणीस वर्षांची होते, मला बाबा जिवंत दिसत होते आणि मी त्यांच्या पायांशी बसून हुंदके देत होते. आईला मात्र समजलं. ती पुढे झाली आणि तिने त्यांच्या बोटांतून ब्रश काढून घेतला.

"आज नाही," ती म्हणाली. "उजेड गेला."

ऊन लख्ख होतं. बाबांनी वर आभाळाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"उद्या करजा," आई म्हणाली. तिने ब्रश मगमध्ये धुतला, फोटो गोधडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि खाली नेऊन ट्रंकेत ठेवला. किल्ली कमरेला लावली. फोटोवर कडेला तिच्या बोटांचं पीठ लागलं ते अजून आहे.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आधी झाडायले पाणी टाका, मंग पाहू. तिसऱ्या दिवशी आभाळ होतं. मग मेसमध्ये कोणाचं तरी लग्न निघालं. बाबा एक दिवस हसले. त्यांना तिचा डाव कळला होता, पण त्यांनी किल्ली मागितली नाही. ते सकाळी कळशीने पाणी आणायला लागले, डब्यांवरचे चुन्याचे ठिपके त्यांच्या हाताने येऊ लागले, मग त्यांतून वेली निघाल्या, मोर निघाले. ते बघून काकूंच्या मालकांनी टेम्पोवर नाव लिहून घेतलं. पुढे हिंजवडीला कंपन्या आल्या, त्यांच्या बसवर पाट्या रंगवायचं काम बाबांनी बरीच वर्षं केलं. मग छापील अक्षरं चिकटवायची पद्धत आली आणि तेही गेलं. तेव्हा ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. मी लग्न होऊन गेले होते, आईने फोन करून बोलावून घेतलं. मी पोहोचले तेव्हा ती ट्रंक उघडत होती. तिने फोटो त्यांच्या समोर धरला आणि म्हणाली, "अवो, डावा डोया राह्यला अजून." ते किती वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हो. राहिलाय खरा." आणि तिने फोटो परत गुंडाळून ठेवला. असं किती वेळा झालं ते मला माहीत नाही, मी नसतानाही झालंच असेल. आमचे सगळेच दिवस चांगले गेले असं मी म्हणणार नाही. काही फार वाईट गेले. पण बाबा म्हातारे झाले, त्यांना साखर झाली, मोतीबिंदू झाला, ते नातीला खांद्यावर घेऊन गच्चीवर फुलांची नावं शिकवत फिरले, आणि शेवटी घरी, खाटेवर, माणसांत गेले.

फोटो आता भिंतीवर आहे. माझी मुलगी रेवा हिंजवडीलाच एका कंपनीत आहे. परवा ती आजीकडे आली, फोटोचा फोटो घेतला, आणि बोटाने काहीतरी करून मोबाइल आजीच्या पुढे धरला. दोन्ही डोळे चमकत होते. "आजी, बघ, एका सेकंदात फिक्स केला."

आईने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग मोबाइल रेवाच्या हातात परत दिला.

"पुस ते," ती म्हणाली. "ते करतीन उद्या."